मूल राहत नाहीये? आयव्हीएफचं पॅकेज घ्यायच्या आधी काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करायचं

लग्नाला दोन वर्षं झाली की मुंबईत दोन ठिकाणांहून न मागता सल्ले यायला लागतात, एक हळदीकुंकवातून आणि दुसरे लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या त्या "निःसंतान दांपत्यांनी एकदा भेटा" वाल्या कागदांतून. दोन्हीकडे कुणी विचारत नाही की बाई, कारण काय निघालंय? आणि खरं सांगायचं तर काही चकाचक एसी सेंटरमध्येसुद्धा पहिल्याच भेटीत, धड रिपोर्ट बघायच्या आधी, आयव्हीएफच्या (म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या) पॅकेजचा कागद पुढे सरकवतात. माझ्या जावेच्या वेळी मी सोबत जायचे, त्यातून आणि मग आमच्या स्वतःच्या फेऱ्यांमधून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की आधी कारण कागदावर आलं पाहिजे, उपचाराचं बोलणं त्यानंतर. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय. मी डॉक्टर नाही, गोळ्यांचे डोस इथे वाचून घेऊ नका.

किती थांबायचं

बाईचं वय 35 च्या आत असेल आणि पाळी बऱ्यापैकी वेळेवर येत असेल तर काहीही साधन न वापरता एक वर्ष प्रयत्न करून बघायचे, मग तपासण्या. 35 च्या पुढे असाल तर सहा महिने पुरे. चाळिशी आली असेल तर थांबायचंच नाही, सरळ डॉक्टर गाठायचे. आणि वय कितीही असो, पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, पूर्वी टीबी झाला असेल, पोटाचं मोठं ऑपरेशन किंवा एक्टोपिक (गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा ट्यूबमध्ये राहणं) झालं असेल, किंवा नवऱ्याचं लहानपणी अंडकोषाचं ऑपरेशन झालं असेल, तर ते वर्षभराचं गणित तुम्हाला लागू नाही, आत्ताच दाखवा.

ह्या काळात फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा, साधारण 400 मायक्रोग्रॅम रोज. स्वस्त गोळी आहे आणि बाळाच्या मणक्यासाठी ती दिवस राहण्याच्या आधीपासून पोटात जायला लागते. डायबेटिस असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस जास्त लागू शकतो, ते डॉक्टरांना विचारा.

दिवसांचं म्हणाल तर अंडं फुटतं, म्हणजे अंडाशयातून बाहेर पडतं, तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच, एवढेच कामाचे. 28 दिवसांची पाळी असेल तर साधारण 14 व्या दिवसाच्या आसपास, पण पाळी 35 दिवसांची असेल तर 21 व्या दिवसाच्या आसपास, आणि इथेच खूप जणींचं चुकतं कारण त्या अ‍ॅपमधला 14 वा दिवस धरून बसतात. ह्या दिवसांत एक दिवसाआड संबंध आले की पुरे. आता वन बीएचकेमध्ये सासू-सासरे हॉलमध्ये झोपलेत, नवरा रात्री साडेदहाला विरार लोकलमधून पिळून निघून घरी येतोय, अशात हे कसं जमायचं हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत, पण अनेक घरांत खरी अडचण तीच असते. महिन्यातून दोन दिवस कर्जत-अलिबागला जाऊन या, लाजू नका, कुणाला कारण सांगायची गरज नाही.

पहिली टेस्ट नवऱ्याची

हे मी ठळक करून सांगतेय कारण आपल्याकडे अजूनही बायकोच्या दहा टेस्ट होतात, दुर्बीण घालून होते, आणि मग कुणाला तरी आठवतं की अरे ह्याचा काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, बघायचा राहिलाच. मूल न राहण्याच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणासोबत. आणि ही सगळ्यात स्वस्त, न दुखणारी टेस्ट आहे. नवरा तयार नसेल तर भांडण्यापेक्षा डॉक्टरांकडून लिहून घ्या, "दोघांच्या एकत्र टेस्ट आहेत" असं कागदावर आलं की बरेचजण मुकाट्याने जातात.

सिमेन अ‍ॅनालिसिसच्या (वीर्याच्या तपासणीच्या) आधी 2 ते 7 दिवस संयम पाळायचा, कमी नाही जास्तही नाही. सॅम्पल घरून न्यायचं असेल तर तासाभराच्या आत, शक्यतो अर्ध्या तासात, अंगाशी गरम ठेवून लॅबमध्ये पोचवायला लागतं. म्हणजे डोंबिवलीहून दादरची लॅब विसरा. एक तर लॅबमध्येच द्या, नाहीतर घराजवळची बघा, फक्त ती लॅब ही टेस्ट नेहमी करते का ते विचारून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: एका मिलीलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, पुढे सरकणारे 30 टक्के, नॉर्मल आकाराचे 4 टक्के. हो, फक्त 4. रिपोर्टवर "96 टक्के अ‍ॅबनॉर्मल" वाचून आमच्या ओळखीतला एक मुलगा दोन दिवस जेवला नव्हता.

एक रिपोर्ट खराब आला म्हणून निकाल लावू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे दोन महिन्यांपूर्वीचा डेंग्यू, टायफॉइडचा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसतो. त्यामुळे रिपोर्ट पुन्हा करायचा, आणि गुटखा, तंबाखू, सिगारेट आज सोडली तर फरक तीन महिन्यांनी दिसेल हे धरून चालायचं. अजून एक, जिममध्ये ट्रेनरने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली असतील तर ते डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे. पुरुषी हॉर्मोन बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचे शुक्राणू बनवणं कमी करतं, कधीकधी काउंट शून्यावर येतो. काउंट खूप कमी किंवा शून्य असेल तर बायकोच्या गायनॅककडे न थांबता अ‍ॅन्ड्रॉलॉजिस्ट (पुरुषांच्या वंध्यत्वाचे डॉक्टर) किंवा यूरोलॉजिस्टला दाखवा. शून्य असला तरी काही जणांत अंडकोषातून शुक्राणू काढता येतात.

मग तुमच्या टेस्ट

इथे तारखा सांभाळायला लागतात, म्हणून पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवा. पहिला दिवस म्हणजे नीट लाल ब्लीडिंग सुरू झालं तो, नुसता डाग नाही.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल ह्या हॉर्मोनच्या रक्ताच्या टेस्ट, आणि त्याच वेळी अंडाशयात किती छोटे फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) दिसतात ती सोनोग्राफी. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि एएमएच कधीही चालतं. पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे ह्या महिन्यात अंडं फुटलं की नाही ते कळतं. लॅबवाले त्याला "21 व्या दिवसाची टेस्ट" म्हणतात पण तुमची पाळी 35 दिवसांची असेल तर ती 28 व्या दिवशी करायची, हे कुणी सांगत नाही. सोबत रुबेला आणि थॅलेसेमियाची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी करून टाका. रुबेलाची लस लागली तर त्यानंतर एक महिना थांबायचं असतं, आणि थॅलेसेमिया मायनर (स्वतःला त्रास नाही, पण मुलाकडे जाऊ शकतो) दोघांना निघाला तर गोष्ट फार बदलते, ते आधी कळलेलं बरं.

एएमएचबद्दल जरा थांबते. हल्ली ह्या एका आकड्यावर बायकांना जितकं घाबरवलं जातं तितकं दुसऱ्या कशावरच नाही. एएमएच सांगतं की साठा साधारण किती उरलाय आणि इंजेक्शनं दिली तर किती अंडी मिळतील. अंड्यांची प्रत त्यातून कळत नाही, ती वयावर जाते. पाळी नियमित असेल तर एएमएच कमी आहे म्हणून ह्या महिन्यात नैसर्गिकरित्या दिवस राहणारच नाहीत असं अजिबात नाही. तिशीतल्या बाईला 1.1 आलं म्हणून "उद्याच आयव्हीएफ" म्हणणारा माणूस भेटला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. आणि युनिट बघा, काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात काही पिकोमोलमध्ये, पिकोमोलचा आकडा सातपटीने मोठा दिसतो, दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून उगाच रडारड होते.

ट्यूब उघड्या आहेत का हे बघायला एचएसजी, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून काढलेला एक्स-रे. पाळी संपल्यावर, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसांत करतात, त्या महिन्यात टेस्ट होईपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. दुखतं, खोटं नाही सांगणार, पाळीतल्या जोरदार कळांसारखं, काहींना जास्त. पेनकिलर किती वेळ आधी घ्यायची ते विचारून घ्या, कुणाला तरी सोबत न्या आणि परत येताना लोकल नको, रिक्षा-टॅक्सी करा. "ट्यूब ब्लॉक" आलं तरी ट्यूब गर्भाशयाला जिथे जोडते अगदी तिथेच ब्लॉक दिसत असेल तर तो कधीकधी टेस्टच्या वेळी स्नायू आखडल्यामुळेही असतो, म्हणून एका एचएसजीवर ट्यूब गेल्या असं धरू नका. पण ट्यूबमध्ये पाणी भरलेलं दिसलं तर ते मात्र गंभीरपणे घ्यायचं, कारण ते पाणी गर्भाशयात झिरपत राहतं आणि आयव्हीएफचं यश निम्म्यापर्यंत खाली आणू शकतं, आधी ती ट्यूब काढतात किंवा बंद करतात.

आणि टीबी. आपल्याकडे ट्यूब खराब व्हायचं हे मोठं कारण आहे, आणि खोकला, ताप काहीही नसताना गर्भाशयात असू शकतो. पण उलटही होतं, फक्त पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आला की लगेच सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू करतात. ती औषधं साधी नाहीत. कल्चर, बायोप्सी, दुर्बिणीतून दिसलेलं, बाकी काही पुरावा आहे का हे विचारा.

दाखवायचं कुठे

मुंबईत एक सोय अशी आहे की पहिल्या सगळ्या तपासण्यांसाठी खाजगीत जायलाच पाहिजे असं नाही. महापालिकेची केईएम, सायन, नायर, कूपर आणि सरकारची जेजे, कामा, इथे गायनॅक ओपीडीत केसपेपर काढून हे सगळं खूप कमी पैशात होतं, दुर्बिणीचं ऑपरेशनसुद्धा. रांग आहे, सकाळी लवकर नंबर लावायला लागतो, आणि शेजारच्या बाकावर सातव्या महिन्याचं पोट घेऊन कुणीतरी बसलेली असते, ते जड जातं. पण तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पाहिलेल्या केसेसची संख्या कुठल्या मॉलशेजारच्या सेंटरपेक्षा कमी नसते. देशातलं शास्त्रीय नोंदी नीट असलेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ 6 ऑगस्ट 1986 ला केईएममध्येच जन्मलं, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संशोधन संस्थेच्या कामातून. (त्याआधी 1978 मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ते केलं होतं, त्यांचं श्रेय मान्य व्हायला फार उशीर झाला.) सरकारी ठिकाणी आयव्हीएफ सध्या कुठे चालू आहे ते मात्र ओपीडीत प्रत्यक्ष विचारूनच घ्या.

रिपोर्ट हातात आल्यावर रस्ता कुठला

पीसीओएस (हॉर्मोनच्या गडबडीने पाळी अनियमित होणं) आहे आणि अंडंच फुटत नाही, बाकी सगळं ठीक: वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींची पाळी रुळावर येते. गोळ्यांमध्ये लेट्रोझोल पहिली, पाळीच्या सुरुवातीचे पाच दिवस, सोबत फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे एक-दोन दिवसाआड सोनोग्राफी, फॉलिकल 18 ते 22 मिलीमीटरचं झालं की फुटायच्या बेतात आलं समजायचं. मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने आणून ही गोळी घेऊ नका, जुळी-तिळी राहू शकतात.

किमान एक ट्यूब उघडी, काउंट थोडा कमी किंवा कारणच सापडत नाही, वय 35 च्या आत: इथे आययूआय, म्हणजे धुतलेले शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. एका वेळचं यश साधारण 10 ते 15 टक्के, म्हणजे पहिल्या वेळी नाही झालं तर ते अपयश नाही, तो आकडाच तसा आहे. पण तीन-चार वेळा नीट करून झालं नाही की पुढचं बोला. वर्षभर आययूआय करत बसलेल्या बायका मला माहीत आहेत, त्यातली एक 38 ची होती, तिच्यासाठी ते वर्ष पैशांपेक्षा महाग होतं.

दोन्ही ट्यूब बंद, काउंट फारच कमी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) वाढलेलं, वय चाळिशीजवळ, किंवा वरचं सगळं करून झालं: इथे आयव्हीएफला, म्हणजे अंडी बाहेर काढून लॅबमध्ये फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याला, अर्थ आहे. शुक्राणू कमी असतील तर इक्सी, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने अंड्यात घालतात. काउंट नॉर्मल असेल तर इक्सीचा जादा खर्च कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

यशाचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये सरकारी नियामक सगळ्या सेंटरचे आकडे गोळा करून छापतो. 2019 चे त्यांचे आकडे, बाईची स्वतःची अंडी, गर्भाशयात सोडलेल्या दर एका भ्रूणामागे बाळ जन्माला येण्याचं प्रमाण: 35 च्या आत साधारण 32 टक्के, 38-39 ला 19, 40 ते 42 ला 11, त्यापुढे 5 च्या आसपास. आता रिक्षामागच्या "80 टक्के यश" च्या जाहिराती परत वाचा. त्यात बहुतेक वेळा "प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह" मोजलेलं असतं, बाळ हातात आलेलं नाही.

सेंटर निवडताना

2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानंतर प्रत्येक सेंटरची नोंदणी सक्तीची आहे, नंबर भिंतीवर दिसला पाहिजे, नाही दिसला तर उठून या. त्याच कायद्यात बाईचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 अशी मर्यादा आहे, आणि यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, जुळ्यांचा धोका हे सगळं आधी समजावून सांगणं सेंटरवर बंधनकारक आहे. मुलगा-मुलगी निवडून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तो गुन्हा करतोय, साधा सरळ.

विचारायचं काय? माझ्या वयाच्या बायकांत, माझ्या कारणात, तुमच्याकडे सुरू केलेल्या सायकलमागे (आयव्हीएफच्या एका पूर्ण फेरीमागे) किती जणींना बाळ झालं. अंडी कोण काढणार, तुम्ही की त्या दिवशी ड्युटीवर असेल तो. रविवारी आणि गणपतीत लॅब चालू असते का (हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, अंडी काढायची तारीख तुमचं शरीर ठरवतं). एका वेळी किती भ्रूण सोडता. उरलेली फ्रीज करायचे दरवर्षी किती. आणि मग ते वरचे टॉपिंग्ज, म्हणजे जादा पैशांचे उपचार: पीआरपी (स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट सोडणं), इंट्रालिपिड (सलाइनमधून चरबीचं द्रावण), ईआरए (गर्भाशयाच्या अस्तराची टेस्ट), अस्तर खरवडणं. ह्यातल्या बहुतेकांनी सगळ्यांना फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही, तुमच्या केसमध्ये का हवंय ते लिहून द्या म्हणा, निम्मी नावं तिथेच गळतात.

पैसे

मुंबईत खाजगीत एक सायकल इंजेक्शनं धरून साधारण 1.5 ते 3 लाख. पॅकेजमध्ये काय नाही ते बघा: बहुतेक वेळा इंजेक्शनं, फ्रीझिंग, नंतरचं फ्रोझन ट्रान्सफर (फ्रीज केलेला भ्रूण गर्भाशयात सोडणं), भूल, रक्ताच्या टेस्ट वेगळ्या असतात. इंजेक्शनांचा डोस जसा वाढेल तसं बिल वाढतं. साधी मेडिक्लेम पॉलिसी वंध्यत्वाचा खर्च देत नाही, पॉलिसीच्या कागदात एक्सक्लुजन 17 म्हणून तो असतो, पण कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत कधीकधी मॅटर्निटीसोबत थोडी रक्कम मिळते, एचआरला गुपचूप मेल करून विचारा.

आणि सुरुवात करायच्या आधी दोघांनी बसून ठरवा, किती सायकल आणि किती लाख. हे निगेटिव्ह रिपोर्ट आल्याच्या रात्री ठरत नाही, त्या रात्री माणूस दागिने मोडायलाही तयार होतो.

सायकल चालू असताना

साधारण 10 ते 12 दिवस रोज पोटात इंजेक्शन. स्वतः शिकून घ्या, बारीक सुई असते, जमतं. काही इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवायला लागतात, फ्रीज सासूबाईंच्या ताब्यात असेल तर एखाद्या जुन्या डब्यात ठेवा. मधे तीन-चार सोनोग्राफ्या सकाळीच असतात, ऑफिसला "दातांचं ट्रीटमेंट" सांगून चालतं. शेवटचं ट्रिगर इंजेक्शन मात्र मिनिटावर, रात्री दहा म्हणजे दहा, कारण त्यानंतर 34 ते 36 तासांनी अंडी काढतात. त्या रात्री कुणाच्या लग्नाला बदलापूरला जाऊ नका.

अंडी काढल्यावर आकडे झपाझप खाली येतात ते आधीच माहीत असू दे: दहा निघाली तर सात-आठ पक्की, त्यातली पाच-सहा फलित, पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन टिकली तरी चांगलं म्हणायचं.

पोट खूप फुगलं, दम लागतोय, लघवी कमी झाली, एका दिवसात किलोभर वजन वाढलं तर सकाळची वाट बघू नका, सेंटरचा इमर्जन्सी नंबर लावा. अंडाशय जास्त फुगल्याचं ते लक्षण असतं आणि पीसीओएसवाल्यांना त्याचा धोका जास्त. ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस पाय वर करून झोपायची गरज नसते, बेडरेस्टने यश वाढत नाही, जिना चढा, स्वयंपाक करा, ऑफिसला जा, फक्त पीक अवरची गर्दी टाळता आली तर टाळा, ती कुणालाच बरी नाही. घरी स्ट्रिप लावून बघू नका, ट्रिगरचं औषध अंगात असेल तर खोटी दुसरी रेघ येते. ठरलेल्या दिवशी रक्ताची बीटा टेस्टच (गर्भधारणेच्या हॉर्मोनची) खरी.

घरच्यांना किती सांगायचं

कमीत कमी. एकाला, जो सोबत येईल आणि गप्प बसेल. ट्रान्सफरची तारीख तर कुणालाच नाही, नाहीतर बाराव्या दिवशी गावाहून काकूंचा फोन येतो, "काय गं, काही कळलं का?" सासूबाईंना सांगायचं असेल तर नवऱ्याने सांगावं, आणि "आमच्या दोघांच्या टेस्ट चालू आहेत" असं म्हणावं, "हिची ट्रीटमेंट" असं नाही. जावेच्या घरी ह्या एका वाक्याने वर्षभराचे टोमणे बंद झाले.

ठरवलेल्या सायकल झाल्या आणि नाही झालं तर

आधी त्याच सेंटरकडून पूर्ण फाइल मागा, कुठल्या दिवशी कुठला डोस, किती अंडी, भ्रूणांची ग्रेड, सगळं. ती तुमची आहे. ती घेऊन दुसऱ्या, शक्यतो सेंटर न चालवणाऱ्या डॉक्टरचं मत घ्या. अंडी कमी किंवा वय जास्त असेल तर दात्याच्या अंड्याचा पर्याय येतो. दाती 23 ते 35 वयाचीच लागते आणि आयुष्यात एकदाच देऊ शकते, ती नोंदणीकृत बँकेतूनच यायला हवी, ओळखीतून जुळवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. सरोगसी आता फक्त परोपकारी तत्त्वावर, पैसे देऊन नाही, आणि वैद्यकीय कारण लागतं.

दत्तकचा विचार असेल तर तो "शेवटचा उपाय" म्हणून बाजूला ठेवू नका, कारण तिथेही वय मोजलं जातं. लग्नाला दोन वर्षं झालेली लागतात आणि दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत. नोंदणी कारा ह्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवर होते, थेट एखाद्या नर्सिंग होममधून मूल घेणं बेकायदा आहे. वेटिंग मोठं आहे, काही वर्षांचं, म्हणून काही जोडपी ट्रीटमेंट संपल्या संपल्या लगेच फॉर्म भरून टाकतात आणि मग पुढचे सहा महिने फक्त आराम करतात.